गाय आणि घाय

आमच्या आयुष्यात बदली आधी आली आणि बदके मागाहून आली. केंद्र सरकारच्या सेवेत असलेल्या वाचकांना यांपैकी पहिल्या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही. साताऱ्याच्या माणसाने पुण्यास पदवी घ्यावी, लिपिकाच्या परीक्षेस बसावे आणि एके दिवशी कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळून म्हैसूरचा रस्ता धरावा, हा क्रम इतका रूढ आहे की त्यावर निबंध लिहिण्याचे धाडस आम्ही करणार नाही. दुसऱ्या शब्दाविषयी मात्र आमचे काही सांगणे आहे. आमच्या हातून आजवर कितीतरी चौकशांचे अहवाल लिहून गेले. ज्या एकाच चौकशीत चौकशी-अधिकारीही आम्ही आणि फिर्यादीही आम्हीच होतो, तिचा अहवाल मात्र आजपर्यंत अलिखित राहिला आहे. तो येथे सादर करीत आहोत.

म्हैसूर शहराच्या दक्षिण अंगाला लिंगांबुधी नावाचे तळे आहे. तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांनी आपल्या राणीच्या स्मरणार्थ १८२८ मध्ये ते बांधविले. त्या तळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आम्ही भाड्याने राहतो. घर लहान असले तरी मागे मोकळे अंगण आहे, एक पपईचे झाड आहे आणि शेजाऱ्यांच्या आंब्याची सावली भिंतीवरून फुकट मिळते. रविवारी सकाळी आमच्या सात वर्षांच्या कन्येला आम्ही तळ्यावर नेत असू. तेथील रानबदके पाहून तिला आजीने शिकविलेले गदिमांचे ते तळ्यातल्या बदकपिल्लांचे गाणे आठवे. आजी साताऱ्याहून दूरध्वनीच्या पडद्यावर ते म्हणे आणि नात म्हैसुरातून साथ करी. अशा रीतीने घरात बदके आणण्याचा प्रस्ताव मांडला गेला. सौभाग्यवतींनी त्यावर प्रतिकूल शेरा मारला. पण प्रस्ताव मांडणारीचे डोळे भरून आलेले पाहून तो शेरा त्यांनीच मागे घेतला.

श्रीरंगपट्टणच्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडून आम्ही पाच पिल्ले आणली. जात खाकी कॅम्पबेल. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात अडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी ही जात तयार केली. घरच्या लोकांना पुरेशी अंडी मिळावीत, असा त्यांचा हेतू होता असे सांगतात. बेंगळूरजवळ हेसरघट्ट्याच्या केंद्रीय कुक्कुटविकास संस्थेत या जातीची पैदास होत आली आहे, हे कळल्यावर आम्हांला तर ती बदके आमच्याच खात्यातली वाटू लागली. वर्णही खाकी! पिल्ले लहान असताना नर कोणता नि मादी कोणती, हे आम्हांला ओळखता आले नाही. चार-पाच महिन्यांनी दोघांची डोकी काळपट हिरवी झाली, शेपटीवरची पिसे वर वळली आणि आवाज बसल्यासारखा घोगरा झाला. उरलेल्या तिघी मात्र अंगण दणाणून सोडू लागल्या. म्हणजे दोन नर आणि तीन माद्या. मोठ्या नराचा रुबाब पाहून कन्येने त्याचे नाव हवालदार ठेवले आणि धाकट्याचे शिपाई. माद्यांची नावे ठकी, पवळी आणि मैना. हवालदार सर्वांच्या पुढे मान ताठ करून चाले, मांजर दिसले की घोगरे ओरडे. रात्री त्याच्या भरवशावर आम्ही निर्धास्त झोपत असू. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

भिंतीपलीकडे एक निवृत्त कन्नड शिक्षक राहतात. सारी गल्ली त्यांना 'मेष्ट्रु' म्हणते, म्हणजे आपल्याकडचे मास्तर. त्यांचा आठ वर्षांचा नातू आमच्या कन्येचा जिवलग. मेष्ट्रुंना इंग्रजी उत्तम येते. परंतु 'येथे राहायचे तर कन्नड आलेच पाहिजे' असा त्यांचा बाणा असल्यामुळे ते आमच्याशी कटाक्षाने कन्नडच बोलत आणि आम्ही चुकलो की तेथल्या तेथे दुरुस्ती करीत. पहिल्या वर्षी आम्हांला याचा राग येई. पुढे पुढे, परक्या गावात आपल्या चुका दुरुस्त करण्याइतका आपलेपणा एका तरी माणसाला वाटतो, याचे बरे वाटू लागले.

श्रावणात एका सकाळी आम्ही कार्यालयाच्या घाईत असताना मेष्ट्रु भिंतीवरून म्हणाले, "बातुकोळिगे गाय आगिदे." बातुकोळी म्हणजे बदक, एवढे आम्हांला ठाऊक होते. पुढे 'गाय' ऐकताच आम्ही चमकून फाटकाकडे पाहिले. गाय कोठेच नव्हती. "इल्ला, मेष्ट्रु, गाय नाही आली!" असे मराठी-कन्नड मिश्र उत्तर देऊन आम्ही हसत हसत बस गाठली. कन्नडात 'गाय' म्हणजे जखम. आपल्या जुन्या मराठीतील 'घाय' तो हाच, ज्याच्यापासून घायाळ झाला. मराठी विषय घेऊन पदवी मिळविलेल्या माणसाला शेजाऱ्याने सख्ख्या नात्यातला शब्द उच्चारून सावध केले होते आणि तो माणूस गोमाता शोधत बसला होता.

चार दिवसांनी कन्येनेच दाखविले. ठकीच्या मानेमागची पिसे गेली होती. रुपयाएवढी जागा उघडी पडून तीवर रक्ताची खपली धरली होती. आम्ही घरगुती उपाय केला, हळद खोबरेल तेलात कालवून लावली. आठवड्यात पवळीच्या मानेवरही तसाच व्रण दिसला, पाठीच्या दोन्ही बाजूंना ओरखडे उठले आणि ती एका पायाने लंगडू लागली. मग मात्र आमच्यातला कारकून जागा झाला. नुकसान झाले की जबाबदारी निश्चित केली पाहिजे, हे आमच्या खात्याचे आद्य सूत्र. आम्ही संशयितांची यादी केली. मुंगूस, मांजर, घूस, कावळा. भिंतीवर मातीचे ठसे शोधले. आणि पाण्याच्या टोपल्यापाशी आम्हांला दोन गोटे सापडले.

मेष्ट्रुंच्या नातवाजवळ बेचकी होती. तिने तो आंबे पाडी, हे सर्वांना माहीत होते. हंगाम कधीच संपला होता. तेव्हा हे गोटे कोणत्या आंब्यासाठी, असा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तरही स्वतःच देऊन टाकले. त्याच संध्याकाळी भिंतीपाशी जाऊन आम्ही मेष्ट्रुंना गोटे दाखविले. बोललो ते कार्यालयातल्या इंग्रजीत, ज्या भाषेत आम्ही खुलासे मागवितो. शब्द सभ्य होते. पण ज्ञापनाचे शब्द सभ्यच असतात. मेष्ट्रुंनी गोटे हातात घेऊन पाहिले. "मी बघतो," असे ते इंग्रजीत म्हणाले. त्या दिवसापासून ते आमच्याशी इंग्रजीतच बोलू लागले. आमची चूक दुरुस्त करणे त्यांनी सोडून दिले. नातू खेळायला येईनासा झाला. कन्या भिंतीच्या या बाजूला दगडावर उभी राहून त्याला हाका मारी आणि थोड्या वेळाने आपल्या आपण उतरून येई.

पण आम्ही कर्तव्यात कसूर केली नाही. बाहेरचा शत्रू कोणीही असो, त्याला आत येऊ द्यायचे नाही, असे ठरवून आम्ही लोखंडी जाळी आणली, लाकडी चौकट ठोकली आणि चार फूट लांब, तीन फूट रुंद असा पिंजरा सिद्ध केला. पूर्वी बदके दिवसभर अंगणभर हिंडत, मोठ्या टोपल्यात डुंबत. आता आम्ही कार्यालयातून येईपर्यंत आणि पुढे रात्रभर ती पाचही आत. कुलूपसुद्धा लावले. त्या रात्री आम्हांला फार गाढ झोप लागली.

आठ दिवसांत मैनेची मान सोलून निघाली, आणि ठकीचा एक डोळा मिटला तो उघडेना. कुलूप शाबूत, जाळी अभंग. आमच्या तर्कशास्त्राला हे कोडे सुटेना. सर्पाचा संशयही घेऊन झाला.

रविवारी सकाळी मेष्ट्रु प्रथमच भिंतीऐवजी फाटकाने आले. उभ्याउभ्याच इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही विश्वास ठेवा अथवा ठेवू नका. अंगणात कोणी राहू नका. स्वयंपाकघराच्या खिडकीआड एक तासभर बसा आणि पाहा." एवढे बोलून ते गेले.

आम्ही बसलो. तासभर लागलाच नाही. दहा-पंधरा मिनिटांत हवालदाराने ठकीला कोपऱ्यात गाठले, चोचीने तिच्या मानेवरची उघडी जखम घट्ट धरली आणि तो पाठीवर चढला. त्याची नखे तिच्या कुशीत रुतत होती. ती सुटायला धडपडली; पण बारा चौरस फुटांत जाणार कोठे? तो उतरतो न उतरतो तोच शिपाई पुढे आला. मग पाळी पवळीची. सौभाग्यवतींनी कन्येला आत नेले. आम्ही उठून कुलूप काढले आणि नरांना बाहेर हाकलले. किल्ली हातात घेऊन आम्ही किती वेळ उभे होतो, ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून ठकीला टोपलीत घालून सरकारी पशुचिकित्सालयात नेले. तेथील डॉक्टरीणबाई बिदरच्या महाविद्यालयात शिकलेल्या. मोडके का होईना, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी ठकीला टॉवेलात पंखांसकट गुंडाळले, डोळ्यांवर पदर ओढून तिला शांत केले आणि शेपटीकडून मानेकडे पिसे उलटी सारीत त्वचा इंच इंच तपासली. आम्ही नुसते वरून पाहत आलो होतो. पिसांखाली आणखी तीन जखमा निघाल्या, आणि मानेच्या जखमेत अळ्या होत्या.

अळ्या चिमट्याने वेचता वेचता बाई बोलत होत्या. "जखम कुठं आहे ते आधी बघायचं, मग कुणी केली ते आपोआप कळतंय. मानेच्या मागं पिसं उपटलेली, पाठीच्या दोन्ही बाजूला ओरखडे, मादी लंगडती, आणि नराच्या अंगावर एक ओरखडा नाही, म्हणजे नराचंच काम. पाण्यात असली तर पाणी तिचं वजन पेलतंय. कोरड्या जमिनीवर सगळा भार तिच्या पायावर." एका नराला पाच-सहा माद्या लागतात, आमच्याकडे दोन नरांत तीनच होत्या, आणि त्यांना पळायला जागा होती तीही आम्ही काढून घेतली होती. बाहेरच्या शत्रूची खूण निराळी असते. मुंगूस मानेला वा डोक्याला धरते ते बहुधा जीव घेऊनच सोडते. कुत्रा मोठे लचके तोडतो. घूस रात्री जाळीतून पायांची कातडी कुरतडते. मांजराच्या दातांची भोके बारीक, वरून क्षुल्लक दिसणारी. पण त्यांतून आत जाणारे जंतू एक-दोन दिवसांत पक्ष्याचा प्राण घेतात, म्हणून अशा जखमेला तासाभराचीही वाट न पाहता डॉक्टर गाठावा. आणि अंगावर जखम नसताना एकामागून एक पक्षी मरू लागले, तर घरी काही न करता, मेलेल्या पक्ष्याला हात न लावता सरकारी दवाखान्यास कळवावे. जानेवारी २०१७ मध्ये एच५एन८ या विषाणूमुळे म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय महिनाभर बंद ठेवावे लागले होते, आणि मार्च २०२० मध्ये कुंबारकोप्पल भागात पक्षिज्वर आढळल्यावर परिसरातील पाळीव पक्षी नष्ट करावे लागले, याची त्यांनी आठवण दिली.

उपचार त्यांनी कागदावर लिहून दिला, तो बदके पाळणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे उतरवितो. एक लिटर पाणी उकळून थंड करावे, त्यात नऊ ग्रॅम मीठ विरघळवावे आणि त्या पाण्याने जखम भरपूर धुवावी. मग पोव्हिडोन आयोडीन पाण्यात घालून फिक्या चहाच्या रंगाचे करावे व ते लावावे. तेल किंवा तेलकट मलम नको. त्याने पिसांची पाणी झटकण्याची शक्ती जाते आणि पक्षी भिजून गारठतो. आमचे खोबरेल येथे बाद झाले. माणसांच्या औषधांपैकी कातडी बधिर करणारी मलमे पक्ष्यांना विषासारखी असतात. जखम कोरडी होईपर्यंत पोहणे बंद. परंतु चोच, नाकपुड्या आणि डोळे बुडतील इतके खोल पाणी सदैव समोर हवे, नाहीतर डोळे चिकटतात. ठकीचा डोळा तसाच मिटला होता. पिंजऱ्यात आम्ही उथळ थाळी ठेवली होती. खाली कोरडे तूस अंथरून ते रोज बदलावे, माशा येऊ देऊ नयेत, आणि जखमी मादीला वेगळे ठेवावे, पण सोबतिणींचा आवाज ऐकू येईल इतपतच दूर. प्रतिजैविक डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये. दिल्यास त्या सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नयेत.

"आठ दिवस आधी आणलं असतं तर..." एवढे म्हणून बाईंनी वाक्य सोडून दिले. पक्षी आपले दुखणे लपवितो. रानात दुबळेपणा दाखवील तो आधी मारला जातो. आपल्याला ते दिसते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

ठकी तिसऱ्या रात्री गेली. सकाळी पपईच्या झाडाखाली खड्डा खणताना कन्येने विचारले, "बाबा, तिला कुणी मारलं?"

चौकशी-अधिकाऱ्यापुढे असा सरळ प्रश्न सहसा येत नाही. हवालदाराचे नाव घेणे सोपे होते. पण नर नराच्या स्वभावाप्रमाणे वागला होता. त्याला ना अपराध कळत होता, ना कुलूप लावता येत होते. आम्ही म्हणालो, "जाळी आम्ही लावली, बाळ. आम्हांला वाटलं, मारणारा बाहेरून येतो." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "गाण्यात पण त्या पिल्लाला टोचणारे तळ्यातलेच होते." तिने हे आम्हांला टोचून बोलावे म्हणून म्हटले नव्हते. आजीने इतक्यांदा म्हटलेले गाणे तिला नीट पाठ होते, एवढेच. आम्हांलाही ते लहानपणापासून पाठ होते.

त्या संध्याकाळी आम्ही मेष्ट्रुंकडे गेलो. वाटेत कन्नड वाक्य जुळवीत होतो. इंग्रजीत क्षमा मागणे शक्य होते. त्या भाषेतली दिलगिरीची वाक्ये आम्हांला तोंडपाठ आहेत आणि म्हणूनच ती नको होती. दारात मेष्ट्रु उभे राहिले. आम्ही म्हणालो, "तप्पु नम्मदु आगिदे इदे." चूक आमची आहे, असे आम्हांला म्हणायचे होते. क्रियापदे जरा जास्त झाली असावीत. मेष्ट्रु क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "तप्पु नम्मदु. अष्टे साकु." एवढे पुरे. गेल्या महिन्याभरात त्यांनी दुरुस्त केलेली आमची ती पहिली चूक.

आत बसल्यावर आम्ही विचारले, इतके दिवस दिसत होते तर सांगितले का नाही? ते म्हणाले, आधी सांगितले होते. तुम्ही हसून निघून गेलात. नंतर सांगायचे तर, ज्याच्या नातवावर आरोप आहे त्याची साक्ष कोण मानणार? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्याने सारे पाहिले होते अशा एकमेव साक्षीदाराचे तोंड आम्ही पहिल्याच दिवशी बंद केले होते. आणि ते दोन गोटे? ते आमच्या कन्येने टोपल्यात मासे म्हणून सोडले होते. बदकांनी ते बाहेर काढले असावेत. तिला आम्ही विचारलेच नव्हते.

पुढची व्यवस्था थोडक्यात सांगतो. हवालदाराला श्रीरंगपट्टणच्या त्याच शेतकऱ्याकडे पोहोचविले. तेथे कळप मोठा आहे आणि शेतात पाणी आहे. शिपाई अंगणाच्या दुसऱ्या अंगाला एकटा असतो, मध्ये जाळी आहे. जाळीशी आमचे वैर नाही. ती कोणाच्या आणि कोणाच्या मध्ये घालायची, एवढे कळले म्हणजे झाले. पिंजरा मोडून त्याच्या तिप्पट खुराडे केले आहे. त्याची जाळी अर्ध्या इंची, कारण मुंगूस आणि घूस या जगात आहेतच. पण ती रात्रीपुरती. दिवसा पवळी आणि मैना अंगणात असतात. मुळापासून उपटलेली पिसे काही आठवड्यांत फुटतात, अर्धवट तुटलेली मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत तशीच राहतात, असे बाईंनी सांगितले होते. त्याप्रमाणे मैनेची मान आता झाकली आहे, पवळीच्या मानेवर थोडी जागा अजून विरळ दिसते.

मेष्ट्रुंचा नातू लगेच आला नाही. नवरात्रात, दसऱ्याच्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, भिंतीवरून एक पाय अलीकडे टाकून बसला. बेचकी त्याच्याजवळ नव्हती. आम्ही तिच्याविषयी विचारले नाही. ती परत द्या, असे मेष्ट्रुंना सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हे अद्याप आमच्याने ठरविता आलेले नाही.

परवा सकाळी आम्ही पुन्हा घाईत होतो. मेष्ट्रु भिंतीपलीकडून पवळीकडे बघत होते. त्यांनी विचारले, "गाय वासि आय्ता?" जखम बरी झाली का? या खेपेस आम्ही फाटकाकडे पाहिले नाही. बस चुकली तरी चालेल असे म्हणून पिशवी खाली ठेवली, पवळीला उचलून भिंतीपाशी नेले आणि मानेवरची पिसे उलटी सारून त्यांना दाखविली.